पीसीओएस आणि इन्शुलिन रेझिस्टन्स: बाकी सगळीकडून उतरलं, पोट मात्र तसंच

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय २९, उंची १५८ सेंमी, पीसीओएसचं (अंडाशयाशी निगडित हॉर्मोनच्या विकाराचं) निदान होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या आठ महिन्यांत वजन ७४ वरून ६८ किलोवर आणलंत. चेहरा, दंड, मांड्या बारीक झाल्या, पोट मात्र 'तसूभरही हललं नाही', आणि शेवटचे अडीच महिने काटाही ६८ वर अडून बसलाय. रोज तासभर चालणं, रोज १०० क्रंचेस. सोमवार ते शुक्रवार धान्य पूर्ण बंद, अ‍ॅपमध्ये ११०० कॅलरी. शनिवार-रविवारी 'जरा सैल'. झोप पाच-साडेपाच तास. रिपोर्ट वर्षभरापूर्वीचे: उपाशीपोटी साखर ९६, फास्टिंग इन्शुलिन २२, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.६. पाळी पूर्वी दोन-अडीच महिन्यांनी यायची, आता ३५ ते ४० दिवसांनी येते. शेवटी तीन प्रश्न: इन्शुलिनमुळे पोटाची चरबी 'लॉक' झालीय का, ती सोडवायला कोणतं सप्लिमेंट घेऊ, आणि नाहीच जमलं तर लायपोसक्शन (शस्त्रक्रियेनं चरबी ओढून काढणं) करून टाकू का.

मी हॉर्मोनच्या विकारांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं तुम्ही लिहिलेल्या माहितीवर बेतलेलं आहे. पण त्या माहितीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: पाळीचं अंतर अडीच महिन्यांवरून ३५-४० दिवसांवर आलं. मी तुमचा कागद हातात घेतला असता तर आधी तिथेच खूण केली असती. ७४ वरून ६८ म्हणजे साधारण ८ टक्के वजन कमी झालं. पीसीओएसमध्ये ५ ते १० टक्के वजन उतरलं की पाळी, बीजोत्सर्ग आणि साखरेचा हिशोब सुधारू लागतो, असं आम्ही सांगत असतो आणि तुमच्या बाबतीत नेमकं तेच होताना दिसतंय. इन्शुलिन पूर्वीइतकंच चढं असतं, तर पाळी अशी जवळ येण्याची शक्यता कमी होती. म्हणजे वर्षभरापूर्वीचा २२ हा आकडा ज्या शरीराचा होता, ते शरीर आता तुमचं नाही. तो रिपोर्ट फाईलमध्ये ठेवा आणि त्यावरून रोज स्वतःला घाबरवणं थांबवा.

तर खरे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळले गेलेत. एक, पोट दिसायला का कमी होत नाही. दोन, अडीच महिने वजन का थांबलं. पहिल्याचं उत्तर चरबी कुठे असते यात आहे, दुसऱ्याचं तुमच्या आठवड्याच्या वेळापत्रकात.

पोटाची चरबी म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, ती एक चीज नाही. एक थर कातडीखाली असतो, चिमटीत येणारा. दुसरी चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताच्या शेजारी साठते. ती चिमटीत येत नाही, आरशात वेगळी ओळखू येत नाही. इन्शुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही ती अवस्था), फॅटी लिव्हर, मधुमेह, हृदयविकार यांच्याशी जास्त घट्ट नातं आहे ते या आतल्या चरबीचं. आणि गंमत अशी की वजन उतरायला लागलं की प्रमाणाच्या हिशोबानं हीच चरबी आधी आणि जास्त उतरते, कारण अ‍ॅड्रिनलिनसारख्या चरबी सोडवणाऱ्या हॉर्मोनना तिच्या पेशी चटकन प्रतिसाद देतात. ओटीपोटावरचा कातडीखालचा थर त्यांना मंद प्रतिसाद देतो. बऱ्याच जणींच्या बाबतीत तो सगळ्यात शेवटी जातो, आणि कोणत्या भागातून आधी उतरेल हे बहुतांशी अनुवंशिकतेवर आणि हॉर्मोनवर ठरतं. पीसीओएसमध्ये अँड्रोजन (पुरुषी हॉर्मोन) आणि इन्शुलिन दोन्ही जास्त असल्यामुळे कमरेभोवती साठा होण्याकडे कल असतो, म्हणून तिथला शिल्लक माल संपायलाही वेळ लागतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकते, कारण त्यातून हा फरक फार स्वच्छ कळतो. २००४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लठ्ठपणा असलेल्या १५ स्त्रियांच्या पोटावरची कातडीखालची चरबी लायपोसक्शननं काढली, ती शरीरातून सुमारे १० किलो चरबी कमी होईल इतकी. दहा-बारा आठवड्यांनी मोजलं तर इन्शुलिनचा परिणाम, रक्तदाब, रक्तातली चरबी यांत काही म्हणण्यासारखी सुधारणा नव्हती. तेवढीच चरबी खाण्यापिण्यातून आणि हालचालीतून गेली असती तर चित्र बदललं असतं, कारण मग आतली चरबी आणि यकृतातली चरबीही गेली असती. तेव्हा लायपोसक्शन हा आकारासाठीचा उपाय आहे. आकार बदलावासा वाटणं यात काही गैर नाही, पण तो तुमच्या इन्शुलिनवरचा इलाज नाही आणि वजन अजून बदलतंय अशा काळात तर तो निर्णय घेऊच नये.

आता 'हललं नाही' याबद्दल. आठ महिन्यांपूर्वी कंबर मोजली होती का? प्रश्नात आज ९० सेंमी लिहिलंय, सुरुवातीचा आकडा नाही. ढोबळमानानं एक किलोमागे घेर एक सेंमीच्या आसपास कमी होतो, त्यामुळे सहा किलो गेले आणि घेर अजिबात गेला नाही हे क्वचितच घडतं. आपण रोज आरशात बघतो त्या शरीरातला हळूहळू झालेला बदल आपल्याला दिसत नाही. त्यातून हातपाय बारीक झाले की मधला भाग आधीपेक्षा उठून दिसतो. टेप कुठे लावायची हेही नीट ठरवा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, सकाळी, नेहमीचा श्वास सोडल्यावर, टेप कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी. बेंबीवर एकदा आणि त्याच्या खाली एकदा अशी जागा बदलत गेलात तर तीन-चार सेंमीचा फरक नुसता मोजणीतूनच पडतो. महिन्यातून एकदा पुरे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा हा एक सोपा निकष आहे. तुमच्यासाठी तो ७९ सेंमी. तिथे पोचायला वेळ लागेल, पण ९० वरून ८५ झालं तरी आतल्या अवयवांना ते कळतं.

आणखी एक. संध्याकाळी पोट सकाळपेक्षा चार बोटं पुढे येत असेल, तर ती चरबी नाही. दहा तासांत कुणाला तेवढी चरबी चढत नाही. ते गॅस, बद्धकोष्ठ किंवा पाळीआधीचं पाणी असतं. 'शुगर-फ्री' बार आणि गोळ्या तुम्ही दिवसातून दोनदा खाता असं लिहिलंय. त्यातल्या माल्टिटॉल, सॉर्बिटॉलसारख्या पदार्थांनी अनेकांचं पोट फुगतं. दोन आठवडे ते बंद करून बघा. मूल झालेलं असेल तर पोटाचे मधले स्नायू फाकलेले राहिल्यानंही पोट पुढे दिसतं, पण तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

आता 'लॉक'कडे येते, कारण ही कल्पना सगळीकडे फिरते आणि ती अर्धी खरी आहे. खरा अर्धा भाग असा: इन्शुलिन चरबीच्या पेशींना साठा सोडू नका असं सांगतं. रक्तात इन्शुलिन चढं असताना चरबी बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. पीसीओएसमध्ये याच चढ्या इन्शुलिनचे आणखी दोन उद्योग चालतात. अंडाशयातल्या पेशींना ते जास्त अँड्रोजन बनवायला लावतं आणि यकृताला एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवायला लावतं. हे प्रथिन अँड्रोजनला धरून ठेवत असतं. ते कमी झालं की मोकळं अँड्रोजन वाढतं. मग चेहऱ्यावरचे केस, मुरुमं, लांबलेली पाळी. हे चक्र बारीक बायकांमध्येही असतं, त्यामुळे पीसीओएस म्हणजे फक्त वजनाचा आजार असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर ते चुकीचं आहे.

खोटा अर्धा भाग: इन्शुलिन चढं आहे म्हणून चरबी बाहेर पडूच शकत नाही. दोन जेवणांच्या मध्ये आणि रात्री इन्शुलिन खाली येतं, रेझिस्टन्स असलेल्यांमध्येही. दिवसभरात खर्चापेक्षा कमी ऊर्जा आत गेली, तर तूट साठ्यातूनच भरावी लागते; शरीराकडे दुसरा मार्ग नाही. तुमचे सहा किलो गेले ते कुलूप असतानाच गेले ना? मग मला विचारलं जातं, 'पण लो-कार्ब केलं की इन्शुलिन कमी होतं, म्हणून इन्शुलिन रेझिस्टन्सवाल्यांनी तेच करायला हवं ना?' स्टॅनफर्डमधल्या डाएटफिट्स नावाच्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर लो-फॅट किंवा लो-कार्ब आहार दिला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर दोन्ही गटांत सरासरी पाच-सहा किलो उतरले, फरक नगण्य. आणि सुरुवातीला ज्यांचं शरीर जास्त इन्शुलिन सोडत होतं, त्यांना लो-कार्बचा वेगळा फायदा झाला असंही दिसलं नाही. तो अभ्यास खास पीसीओएसवरचा नव्हता. पण पीसीओएससाठीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. जो तुम्ही वर्षानुवर्षं पाळू शकाल तो तुमचा.

याचा अर्थ कार्बोहायड्रेट कितीही आणि कसंही चालतं असा नाही. साखरेची पेयं, मैद्याचे पदार्थ, एकट्यानं खाल्लेलं गोड यांनी जेवणानंतरची साखर उसळते आणि लगेच भूक परतते. पण अख्खं धान्य, डाळी, कडधान्यं, फळं ही त्या यादीत येत नाहीत. ती आठवड्यातले पाच दिवस पूर्ण बंद करून तुम्हाला काय मिळालं, ते बघू.

तुमचा आठवडा कागदावर मांडला. अ‍ॅपमध्ये ११०० दिसतं. पण अंदाजानं केलेल्या नोंदी जवळजवळ नेहमीच कमी भरतात; तेल, चव घेतलेले घास, चहाकॉफीतलं दूध हे सुटतं. खरा आकडा १४०० धरू. पाच दिवसांचे ७०००. शनिवार-रविवारी जेवणं बाहेर, गोड, उशिरापर्यंत चरणं, आणि तुमच्याच शब्दांत 'पोटभर नाही, पोट फुटेस्तोवर'. त्या दोन दिवसांचे २८०० प्रमाणे ५६००. आठवड्याचे १२,६००, म्हणजे रोजचे सरासरी १८००. तुमच्या वय, उंची, वजनाच्या आणि बराच वेळ बसून काम करणाऱ्या बाईचा खर्चही साधारण तितकाच किंवा किंचित जास्त असतो. हे अंदाज आहेत, तुमचा आकडा शंभर-दोनशेनं इकडेतिकडे असेल. पण अडीच महिने हलत नसलेला काटा हेच सांगतोय की आवक आणि जावक जुळलीय. शिवाय ६८ किलोचं शरीर ७४ किलोच्या शरीरापेक्षा कमी खर्च करतं, तेव्हा जे खाणं आठ महिन्यांपूर्वी तूट होतं ते आज बरोबरीत येतं. चयापचय बिघडलं, शरीर 'स्टार्व्हेशन मोड'मध्ये गेलं असं काही मानायची गरज मला दिसत नाही.

आणि कृपा करून याचा अर्थ 'शनिवार-रविवारीही ११००' असा लावू नका. पाच दिवसांचा तो कडकपणा आहे म्हणूनच शनिवारी बांध फुटतो. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये अनियंत्रित खाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं, हे आम्ही आता आवर्जून विचारतो. त्या दोन दिवसांत ताबा सुटल्यासारखं वाटतं का, लपून खाता का, नंतर अपराधी वाटून सोमवारी आणखी कमी खाता का? उत्तर हो असेल तर वजन बाजूला ठेवून आधी त्यासाठी मदत घ्या, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक. हे उपचारांनी सुटतं, नुसत्या निश्चयानं क्वचितच. उत्तर नाही असेल तर सातही दिवस १५०० च्या आसपास ठेवा. धान्य परत आणा, दर जेवणात मोजकं. प्रत्येक जेवणात प्रथिनाचा ठळक वाटा असू द्या: डाळी-कडधान्यं, दही, अंडी, मासे, पनीर, जे चालत असेल ते. दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम हे माझं नेहमीचं लक्ष्य, म्हणजे तुमच्यासाठी ८० ते १०० ग्रॅम, अर्थात मूत्रपिंडाचा काही त्रास नसेल तर. अर्धं ताट भाज्यांचं. आधी भाजी आणि प्रथिन, मग धान्य, या क्रमानं खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. फुकटची सवय आहे, लावून घ्या. उपवासाच्या खिडक्या, १६:८ (१६ तास उपास, ८ तासांत जेवणं) वगैरे, जमत असतील तर करा, पण ज्यांना शनिवारचा त्रास आहे त्यांना मी त्या सुचवत नाही.

व्यायामावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या सगळ्या यादीत मला हीच सगळ्यात मोठी फट दिसते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं सर्वात मोठं काम हाडांना जोडलेले स्नायू करतात. इन्शुलिन रेझिस्टन्स मोठ्या प्रमाणात तिथेच असतो: इन्शुलिन दार वाजवतं आणि स्नायू ऐकत नाही. पण स्नायू काम करत असताना साखर आत घेणारी वाहक प्रथिनं इन्शुलिनच्या हुकमाशिवायच पेशीच्या पृष्ठभागावर येतात. म्हणजे मागचा दरवाजा उघडतो. शिवाय एका चांगल्या व्यायामसत्रानंतर पुढचा एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनचं जास्त ऐकतो. म्हणून आठवड्यातून एकदा घाम गाळण्यापेक्षा एक दिवसाआड केलेलं काम जास्त फळतं.

रोजचं तासभर चालणं सोडू नका, पण ते आठ महिने त्याच वेगानं त्याच रस्त्यानं चाललंय आणि शरीराला त्याची सवय झालीय. त्यातला अर्धा तास तोडून तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटांचा करा; साखर चढायच्या वेळेलाच स्नायू कामाला लागतात. उरलेल्यातला काही भाग इतका भरभर, की बोलता येईल पण गाता येणार नाही. मार्गदर्शक तत्त्वं वजन कमी करण्यासाठी आठवड्याला किमान २५० मिनिटं मध्यम किंवा १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगतात, आणि त्याशिवाय लागोपाठ नसलेल्या दोन दिवशी स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. चालण्याची मिनिटं तुमची भरताहेत. ताकदीचं खातं मात्र रिकामं आहे.

क्रंचेस त्या खात्यात जमा होत नाहीत. त्यानं पोटाचा स्नायू मजबूत होईल, त्यावरचा थर तिथून निघणार नाही. स्नायूला लागणारी चरबी रक्तातून येते, शेजारच्या थरातून नाही. शंभर क्रंचेसची ती दहा मिनिटं मोठ्या स्नायूंना द्या: मांड्या, नितंब, पाठ, छाती. स्क्वॉट, कमरेतून वाकून वजन उचलणं, भिंतीवर किंवा बाकावर हात टेकून पुश-अप, वजन स्वतःकडे ओढणं, वजन हातात घेऊन चालणं. प्रत्येकी दोन-तीन सेट, ८ ते १२ वेळा, असं वजन घेऊन की शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटतील. सोपं झालं की वजन वाढवायचं. हे वाढवणं राहिलं तर बाकी सगळं केल्याचा उपयोग थोडा. आठवड्याला तीन दिवस, अर्धा-पाऊण तास. गुडघा किंवा पाठ दुखत असेल तर आधी कुणाकडून तरी ढब शिकून घ्या. 'वजनं उचलली की पीसीओएसमुळे मी पुरुषी दिसेन' ही भीती मी वारंवार ऐकते. तसं होत नाही. आणि 'जोराचा व्यायाम केला की कॉर्टिसॉल वाढून पोट सुटतं' हे वाक्य जिथे वाचाल तिथून पुढे जा. व्यायामात कॉर्टिसॉल हे ताणाचं हॉर्मोन तात्पुरतं वाढतं, तेवढ्यानं चरबी साठत नाही. उलट जोरकस व्यायामानं इन्शुलिनची संवेदनशीलता सुधारते.

एक सूचना आधीच देऊन ठेवते: ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर पहिले तीन-चार आठवडे काटा अर्धा-एक किलो वर जाऊ शकतो. स्नायू पाणी आणि साठवणीतली साखर धरून ठेवतात. त्या आठवड्यांत बऱ्याच जणी हाय खाऊन सोडून देतात.

झोपेचा उल्लेख तुम्ही कंसात केलात, मी तो कंसाबाहेर काढते. शिकागो विद्यापीठात २०१० मध्ये एक छोटा पण नेटका प्रयोग झाला. दहा जाड व्यक्तींना सारख्याच कमी कॅलरींवर ठेवलं, दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची संधी देऊन. वजन दोन्ही वेळा जवळजवळ सारखंच उतरलं, पण कमी झोपेत उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहूनही कमी झाला. बाकीचं स्नायूंसह चरबी नसलेल्या भागातून गेलं. भूकही वाढली. दहाच माणसं होती, मान्य. पण काही रात्रींच्या अपुऱ्या झोपेनं इन्शुलिनचं काम बिघडतं हे इतर प्रयोगांतूनही वारंवार दिसलेलं आहे. तुमची झोप कामामुळे कमी आहे की झोप लागत नाही म्हणून, हे मला माहीत नाही. पण घोरत असाल, सकाळी डोकं जड असेल, दिवसा डुलक्या येत असतील तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास मधेमधे थांबण्याचा हा त्रास पीसीओएसमध्ये जास्त आढळतो आणि सहसा कुणी विचारत नाही.

सप्लिमेंटबद्दल थोडक्यात. इनोसिटॉल फार त्रासदायक नाही, काही जणींची पाळी त्यावर सुधारते, पण वजन आणि घेर यासाठी पुरावा अगदीच तोकडा आहे. घ्यायचंच असेल तर तीन-चार महिने घेऊन बघा, फरक नसेल तर थांबा. 'फॅट बर्नर', 'हॉर्मोन बॅलन्स' चहा, सफरचंदाचा व्हिनेगर: पैसे वाचवा. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढा, हाडांसाठी, पोटासाठी नाही.

औषधं ही परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट आहे. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध पीसीओएसमध्येही वापरतो, विशेषतः बीएमआय (उंचीच्या हिशोबानं वजनाचा आकडा) २५ च्या पुढे असेल तेव्हा, आणि तुमचा २७ आहे. त्यानं साखर आणि पाळी यांना मदत होते, वजन मात्र सरासरी फार थोडं उतरतं. सुरुवात ५०० मिलिग्रॅमनं, जेवणाबरोबर, हळूहळू वाढवत. नाहीतर मळमळ आणि जुलाब होऊन लोक आठवड्यात सोडतात. दीर्घकाळ घेतलं तर बी१२ अधूनमधून तपासावं लागतं. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं वजनावर खरोखर जोरकस आहेत: २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं, आणि ताकदीचा व्यायाम नसेल तर स्नायूही जातात. मूल हवं असेल तर गर्भधारणेच्या प्रयत्नांआधी किमान दोन महिने ते थांबवावं लागतं. तुमच्या आकड्यांवर मी आज ते लिहून दिलं नसतं. आधी वरच्या दुरुस्त्या तीन-चार महिने, मग घेर आणि तपासण्या बघून पुन्हा विचार.

तपासण्यांत फास्टिंग इन्शुलिन परत करू नका. प्रयोगशाळेनुसार आकडा बदलतो, सर्वमान्य सीमारेषा नाही आणि त्यानं उपचार बदलत नाहीत. त्याऐवजी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी केलेली साखरेची चाचणी करा. पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर बरोबर असूनही दोन तासांची १४० च्या वर निघते, असं आम्ही पुष्कळदा बघतो. सोबत लिपिड (रक्तातली चरबी), यकृताची तपासणी, रक्तदाब. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन निदानाच्या वेळी झालं नसेल तर एकदा. पोट झपाट्यानं वाढत असेल, जांभळे रुंद वळ उठत असतील, सहज काळंनिळं पडत असेल, खुर्चीवरून उठताना मांड्यांत ताकद नसेल, तर ते पीसीओएसच्या खात्यावर टाकू नका. कुशिंग्ज सिंड्रोम (शरीरात कॉर्टिसॉल फार वाढण्याचा आजार) तपासायला हवं. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांवरची औषधं, व्हॅल्प्रोएट यांनीही वजन वाढतं. यातलं काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि पाळी पुन्हा ९० दिवसांच्या पलीकडे गेली तर थांबून राहू नका, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहणं बरं नाही.

शेवटी, तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. ३५-४० दिवसांची पाळी म्हणजे बीजोत्सर्ग बहुधा परत सुरू झालाय, आणि पाळी येण्याच्या आधीच तो होऊन गेलेला असतो. 'पीसीओएस आहे, मला सहज दिवस जाणार नाहीत' या समजावर विसंबून असाल तर आता तो धरून चालणार नाही. मूल नको असेल तर गर्भनिरोधनाचं डॉक्टरांशी बोला. गर्भनिरोधक गोळ्यांनी मुरुमं आणि चेहऱ्यावरचे केस कमी व्हायलाही मदत होते, पण रक्तदाब, धूम्रपान, अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्यांचा घरचा इतिहास हे सांगितल्याशिवाय घेऊ नका. मूल हवं असेल तर प्रयत्नांआधीच ती दोन तासांची साखरेची चाचणी करून घ्या आणि फोलिक अ‍ॅसिड किती घ्यायचं ते त्याच भेटीत ठरवा. नेहमीचा डोस रोजचा ४०० मायक्रोग्रॅम असतो, वजन किंवा साखर जास्त असेल तर काही जणींना तो वाढवून द्यावा लागतो.